मिल्नर पार्कातली सतरा नाणी

डेस्मंड पिकर्सगिलने पिशवीतून आइस्क्रीमचा एक जुना डबा काढला, झाकण उघडलं आणि डबा टेबलावर उपडा केला. बाहेर पडली ती नाणी. नखाएवढी, काळपट हिरवी, कडेला झिजलेली. ऐंशी तरी असतील.

"गेल्या खेपेची उरलेली," तो म्हणाला. "यंदाच्या जत्रेला नवी घ्यायला नकोत."

रविवारची सकाळ होती. स्काउटच्या लाकडी हॉलात हॅल्डरबी शोधक मंडळाची सभा भरली होती. सभा म्हणजे सात म्हातारी माणसं, एक उकळती किटली, बेकन घातलेले पाव, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले सात मेटल डिटेक्टर. एनिड गार्बट खिडकीपाशी बसून पावावर तपकिरी सॉस ओतत होती. तिने बाटली खाली ठेवली, चष्मा लावला आणि टेबलाशी येऊन एक नाणं बोटावर घेतलं. मागच्या बाजूला दोन शिपाई, मधे ध्वज. त्या दोन शिपायांना ती शेजारच्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त ओळखत होती.

"ही कुठे पुरली होतीस?" तिने विचारलं.

डेस्मंडने मोठ्या खुशीत सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी जत्रेत मुलांसाठी खजिना शोधायचा खेळ ठेवला होता, मिल्नर पार्कात, टेनिसच्या जुन्या मैदानाखालच्या उतारावर. दर खेपेला आपण जुन्या पेनी पुरतो, पोरं त्याला विटली होती. म्हणून त्याने एका नाणेविक्याकडून खरी रोमन नाणी घेतली, पिशवीभर, बाल्कनकडची कुठलीतरी, मातीमोल भावाची. अडीचशे पुरली. पोरांना शंभर-सव्वाशे सापडली. बाकीची राहिली तिथेच. पोरांचे चेहरे काय फुलले होते म्हणून सांगू. एनिडचं तेव्हा खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून तिला ते बघायला मिळालं नाही, एवढंच त्याला वाईट वाटत होतं.

"उतारावर कुठे?"

"सगळीकडे. मुठीने फेकली आणि टाचेने दाबली."

खोलीत याचा अर्थ पहिल्यांदा कुणाला कळला असेल तर तो विल्फ टॅन्स्लीला. विल्फ आयुष्यभर बॉयलर दुरुस्त करत आलेला माणूस, बोलायचा कमी. त्याने हातातला पाव बशीत ठेवला आणि एनिडकडे पाहिलं. एनिडच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती अजून तोंडावर यायची होती.

का गेली ते सांगायला हवं. एनिड सदुसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना रोज कस्टर्ड वाढलं, आणि दोनदा घेऊन "एकदाच घेतलं" म्हणणारं एकही पोर तिच्या हातून सुटलं नाही. निवृत्त झाली तेव्हा सोबतच्या बायकांनी वर्गणी काढून तिला डिटेक्टर दिला. ती पहिल्या आठवड्यात नगरपरिषदेच्या उद्यान खात्यात गेली आणि मिल्नर पार्कात शोधायची लेखी परवानगी काढून आली. त्याला आता सात वर्षं झाली होती. ती जमिनीला कसा हात लावायची ते बघण्यासारखं होतं. कानात आवाज घुमला की गवत तीन बाजूंनी कापायची, चौथी बाजू तशीच ठेवून झाकणासारखं उघडायची, निघालेली माती फडक्यावर काढायची, आणि काम झालं की सगळं परत बसवून पायाने दाबायची. दुसऱ्या दिवशी माळ्यालाही जागा सापडायची नाही. शंभरातल्या नव्वद वेळा निघायच्या शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या. त्यासाठी कोटाला डावीकडे वेगळा खिसा होता. उरलेल्या दहांत बाटलीचं झाकण, खेळण्यातल्या मोटारीचं चाक, कुणाच्या तरी आजोबांच्या कोटाचं बटण.

आणि सतरा वेळा निघालं होतं रोमन नाणं. पहिली तीन पाच वर्षांत मिळून, उरलेली चौदा गेल्या दोन वर्षांत. प्रत्येकाला वेगळं पाकीट, पाकिटावर तारीख, खोली आणि फोनवरून काढलेला ठिकाणाचा आकडा. तिने ती सगळी जिल्हा संग्रहालयात नोंदवली होती. दोन वर्षांपूर्वी नगरपरिषदेने तो उतार यंत्राने फिरवून नवं गवत लावलं होतं, तेव्हा खालची माती वर आली, म्हणून इतकी नाणी एकदम सापडायला लागली, असा एनिडचा हिशेब होता. संग्रहालयातल्या नोंदणी अधिकारी इमोजेन रड यांनाही तो पटला होता. शिवाय त्यातली तीन नाणी पार पूर्वेकडच्या टाकसाळीतली निघाली. तशी या भागात क्वचित मिळतात. इमोजेनने नोंदीपुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं खरं, पण एनिडने त्या प्रश्नचिन्हातून एक आख्खा शिपाई उभा केला. डॅन्यूब नदीकाठचा, इथल्या पावसात कुडकुडणारा, पगार कमरेला बांधून त्याच उतारावर वस्तीला राहिलेला. गेल्या हिवाळ्यात तिने वाचनालयात त्याच्यावर व्याख्यान दिलं. साठ माणसं आली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर लोक ताट घेऊन नव्हे, वही घेऊन बसले होते.

आता नगरपरिषदेला त्याच उतारावर गाड्यांचा तळ करायचा होता. पोहायच्या नव्या तलावाला येणाऱ्या गाड्या ठेवायला जागा हवी म्हणून उतार सपाट करायचा, बीच जातीची चार मोठी झाडं पाडायची, वर डांबर. येत्या गुरुवारी सुनावणी होती. आधी रीतसर उत्खनन करा, असा हुकूम व्हावा म्हणून जो एकच कागद समितीसमोर जायचा होता तो एनिडचा नकाशा होता. सतरा ठिपक्यांचा.

"माझी सतरा नाणी त्याच उतारावरची आहेत," ती म्हणाली.

"ते ठाऊक आहे की."

"ठाऊक आहे?" एनिडने नाणं टेबलावर ठेवलं. "माझ्या व्याख्यानाला तू पहिल्या रांगेत होतास, डेस्मंड."

"होतो. टाळ्या वाजवल्या की मी."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

डेस्मंडने खांदे उडवले. चाळीस वर्षं गालिचे विकलेला माणूस तो, कुणाला नाराज करून परत पाठवायचं नाही हे अंगात मुरलेलं. "तू किती खुश होतीस, एनिड," तो म्हणाला. "तुझा आनंद कशाला मोडायचा? आणि असतील की काही तुझी खरी. सगळीच माझी थोडीच आहेत."

यावर माणसाने काय करायचं? लबाडाला शिव्या देता येतात. चोराला पकडून देता येतं. पण तुमच्या भल्यासाठी म्हणून तुमच्या सात वर्षांच्या कष्टांवर बोळा फिरवणाऱ्या आणि वर टाळ्या वाजवणाऱ्या माणसाचं काय करायचं? तो तर हसत चहा ओतून देतो. डेस्मंडने खरोखरच तिच्यापुढे कप सरकवला, दोन साखरा घालून.

"तुझ्या चांगुलपणाला आग लागो," एनिड म्हणाली.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कुणी म्हणालं, आता झालं ते झालं. मग डेस्मंडने आवाज खाली आणला आणि जे बोलायला नको होतं तेच बोलला. ही गोष्ट या खोलीतल्या सात जणांना ठाऊक आहे, बाहेर कुणालाही नाही. गुरुवारी एनिडने नेहमीसारखा नकाशा मांडावा. उत्खनन होईल, गाड्यांचा तळ रखडेल, कदाचित बारगळेल. झाडं वाचतील. गावाचंच भलं. खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं.

त्याला माना डोलल्या. चार माना. विल्फची नाही, पण त्याने नाही असंही म्हटलं नाही. एनिडने कोट चढवला, डिटेक्टर उचलला आणि दार आपटून निघून गेली. तिचा पाव तसाच राहिला.

ती सरळ पार्कात गेली. दुपार व्हायची होती, उतारावर दोन पोरं पुठ्ठ्यावर बसून घसरत होती. तिने कानावर हेडफोन चढवले आणि चालायला लागली, पण शोधायला नव्हे. रागाने हाताला काहीतरी काम हवं होतं. वीस पावलांवर आवाज आला. गवत कापलं, उघडलं, बोटं आत घातली. दोन शिपाई, मधे ध्वज.

गेल्या रविवारपर्यंत या क्षणाला तिच्या छातीत काहीतरी उडायचं. आता तिला त्या नाण्याची शिसारी आली. ते खरं असेल तर ती एका खऱ्या शिपायाचा अपमान करत होती. खोटं असेल तर डेस्मंडच्या बुटाच्या टाचेखालचं उचलत होती. आणि दोन्ही सारखंच दिसत होतं, सारखंच थंड लागत होतं. खोलीवरून ओळखावं, तर जत्रेनंतर नगरपरिषदेने जमीन फिरवलेली, वरचं खाली आणि खालचं वर झालेलं. जिच्या जोरावर तिने हिशेब मांडला होता तीच गोष्ट तिच्यावर उलटली होती. तिने नाणं डाव्या खिशात टाकलं, डब्यांच्या कड्यांमध्ये.

तिला गप्प बसावंसं वाटलं. खरं सांगायचं तर खूप वाटलं. पहिली तीन नाणी जत्रेच्या आधीची होती, त्यांना डेस्मंडचा हात लागलेला नव्हता. म्हणजे या मातीत खरोखरच काहीतरी होतं. तिने तोंड उघडलं तर ते जे काही होतं ते डांबराखाली जाणार, कायमचं. खोटं बोलून खरं वाचवायचं आणि खरं बोलून खरं गाडायचं, असा पेच त्या गालिचेवाल्याने तिच्या गळ्यात अडकवून दिला होता, आणि तो आता घरी जाऊन रविवारचं भाजलेलं मटण खात असणार. हा विचार आला आणि तिने खुरपं इतक्या जोराने जमिनीत खुपसलं की पुठ्ठ्यावरची पोरं घसरायची थांबली.

मंगळवारी ती संग्रहालयात गेली. इमोजेन रड एकोणतीस वर्षांची, हडकुळी, बोटांना कायम शाई. एनिडने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.  सांगून झाल्यावर इमोजेनने संगणकावर एनिडच्या नोंदी उघडल्या आणि शेवटच्या चौदांपुढे एकेक लाल खूण केली. त्याला बराच वेळ लागला.

"किती लोकांना ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"सहा जणांना. माझ्याशिवाय सगळ्यांना."

"आणि पूर्वेकडची ती तीन?"

"पिशवी बाल्कनकडची होती."

इमोजेन खुर्चीत मागे टेकली. त्या तीन नाण्यांवर तिने स्वतः एका नियतकालिकात टिपण लिहिलं होतं. आता ते मागे घ्यायचं, खाली स्वतःची सही करून. तिने तक्रार केली नाही. केली असती तर एनिडला बरं वाटलं असतं. चौदांतली अकरा इतकी झिजलेली आहेत की टाकसाळीची खूण वाचताच येत नाही, ती म्हणाली, त्यामुळे वेगळी काढायला काही वाटच नाही. सगळी टाकावी लागतील.

"तीन तर उरली," एनिड म्हणाली. "तीन माझी आहेत. त्यांवर उभं राहता येणार नाही?"

"मिसेस गार्बट, तीन नाणी या जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतात मिळतात. तीन नाणी म्हणजे खिशाला भोक पडलेला एक माणूस. त्यावर समिती उत्खननाचा खर्च नाही करणार." मग ती म्हणाली, "तुम्ही आला नसता तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे," एनिड म्हणाली. "त्याचाच तर राग येतोय."

चौदा पाकिटं इमोजेनने तिला परत केली. संग्रहालयाला आता त्यांचा उपयोग नव्हता.

गुरुवारी दुपारी दोन वाजता नगरपरिषदेच्या सभागृहात सुनावणी झाली. पार्क वाचवायला आलेल्या लोकांनी तीन रांगा भरल्या होत्या. मंडळाचे सगळे मागे बसले होते, डेस्मंड टाय लावून. एनिडचं नाव पुकारल्यावर ती उठली. नकाशा तिने आणलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने त्या उतारावर विकतची नाणी पुरली, ती म्हणाली, म्हणून माझी चौदा नाणी पुरावा म्हणून धरू नयेत. तीन धरा.

तिने डेस्मंडचं नाव घेतलं नाही. मुद्दाम घेतलं नाही. आता हा उठेल, दोन शब्द बोलेल, पुरलं ते मी, तिला ठाऊक नव्हतं, एवढं तरी म्हणेल, म्हणून ती बोलणं संपल्यावरही उभी राहिली. मागे वळून त्याच्याकडे बघत उभी राहिली. डेस्मंड आपल्या बुटांकडे बघत होता. छान पॉलिश केलेले बूट होते.

समितीच्या अध्यक्षबाईंनी श्रीमती गार्बट यांच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं. अशी माणसं आज दुर्मीळ झाली आहेत, असंही त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी एनिडचा संताप इतका वाढला की तिला कानांवर हात ठेवावेसे वाटले. टाळ्या थांबल्यावर अकरा मिनिटांत गाड्यांच्या तळाला मंजुरी मिळाली. उत्खननाची अट नाही. ठेकेदाराने काम करताना काही आढळल्यास कळवावे, एवढी ओळ कुणीतरी सुचवली, तीही मतदानाला टाकून पाडण्यात आली.

बाहेर पायऱ्यांवर पार्कवाले लोक तिला वळसा घालून गेले. एक कुत्रेवाली बाई मात्र थांबली. एनिड तिला रोज सकाळी पार्कात भेटायची, नाव कधी विचारलं नव्हतं.

"चार दिवस तोंड मिटून बसता आलं नाही का तुला?" ती म्हणाली. "कुणाचं काय जात होतं?"

एनिड तिला वळसा घालून पायऱ्या उतरली. शनिवारी गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, प्रामाणिक आजी. तिला नातवंड नव्हतं, मूलही नव्हतं. तिने वर्तमानपत्राने खिडकीची काच पुसली आणि विल्फच्या घरी जाऊन एक हातोडा आणि पत्र्याला भोक पाडायचा पोलादी पंच उसना मागितला. विल्फने कशाला ते विचारलं नाही. फक्त पंचाला धार आहे ना ते अंगठ्याने बघितलं आणि एक लाकडाचा ठोकळाही पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मंडळाने जादा सभा बोलावली होती, जत्रेसाठी. डेस्मंडने सुरुवातीलाच उभं राहून एनिडचे आभार मानले. आपल्या मंडळाची मान उंच झाली, तो म्हणाला. मान उंच करायला याने काय केलं होतं, बुटांकडे तर बघत बसला होता! पण लोकांनी ऐकून घेतलं. मग तो पुढच्या विषयावर आला. मिल्नर पार्कात आता खणाखणी होणार, तर यंदाची जत्रा शेजारच्या गावातल्या क्रिकेटच्या मैदानावर घेऊ. मैदानाचा मालक ओळखीचा आहे. खजिन्याच्या खेळाशिवाय जत्रेला मजा नाही. त्याने आइस्क्रीमचा डबा काढून टेबलावर ठेवला.

एनिडला वाटलं होतं, तो निदान डबा तरी आणणार नाही.

"तीच नाणी?" ती म्हणाली.

"फुकट का घालवायची? आणि क्रिकेटच्या मैदानावर कोण जाणार आहे शोधायला? तिथे काय रोमन आहेत?"

"मिल्नर पार्कात तरी कुणाला ठाऊक होतं?"

"एनिड, बाई, झालं ना आता. तू खरं बोललीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती दिवस उगाळत बसायचं?"

एनिड उठली. तिने डबा आपल्याकडे ओढला, पिशवीतून ठोकळा, पंच आणि हातोडा काढला, पहिलं नाणं ठोकळ्यावर ठेवलं, पंच बरोबर दोन शिपायांच्या मधोमध टेकवला आणि हातोडा मारला. जुनं ब्राँझ ते, कडेने तडकलं, पण तुटलं नाही. मधे गोल भोक पडलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

आता इथे थोडं समजून घ्यायला हवं की त्या खोलीत बसलेली माणसं कोण होती. ही माणसं नाण्यावरची माती काढायला दातकोरणी वापरतात, ब्रशसुद्धा नाही. एखाद्याच्या खुरप्याचा नाण्याला ओरखडा पडला तर तो महिनाभर तोंड लपवतो. त्यांच्यासमोर ती बाई एकामागून एक भोकं पाडत होती. एकाने डोळे मिटून घेतले. डेस्मंड मात्र खुर्ची ढकलून उठला. त्याचा चेहरा पहिल्यांदा पडलेला दिसला.

"सोळाशे वर्षांची आहेत ती, एनिड."

"मग सोळाशे वर्षं होती तिथेच राहू द्यायची होतीस."

"वेड लागलंय तुला. कशासाठी हे?"

"भोक असलं की पुढच्या माणसाला कळेल," ती म्हणाली. "सापडलं आणि भोक दिसलं की समजायचं, पिकर्सगिलने पुरलेलं आहे. घेऊन जा मग क्रिकेटच्या मैदानावर. खुशाल पुर. पोरांना दोऱ्यात ओवताही येतील."

विल्फ खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि डब्यातून एकेक नाणं काढून ठोकळ्यावर नीट मधोमध ठेवून द्यायला लागला. त्यामुळे काम भराभर झालं. दोन नाणी दुभंगली, बाकीची सगळी भोकं घेऊन डब्यात परत गेली. एनिडचा हात भरून आला होता. राग मात्र जिथल्या तिथे होता, कमी झाला नव्हता. लोकांना वाटतं, असं काही केलं की राग उतरतो. तसं काही होत नाही.

डबा संपला तेव्हा डेस्मंडने सुस्कारा सोडला आणि झाकण लावायला हात पुढे केला. एनिडने पुन्हा पिशवीत हात घातला. चौदा पाकिटं काढली. तिच्या अक्षरातल्या तारखा, इंचांतली खोली, ठिकाणाचे आकडे. एकेक फाडून तिने नाणी टेबलावर ओळीने मांडली. सर्वांत पुढे ठेवलं ते मार्च महिन्यात मिळालेलं. त्यावर राजाचा चेहरा अजून साफ दिसत होता, केसांतली मोत्यांची माळसुद्धा. ते सापडलं त्या सकाळी ती घरी जाण्याआधी पार्काला दोन फेऱ्या मारून आली होती, नुसत्या आनंदाने.

"ही तर तुझी," डेस्मंड म्हणाला.

"माझी कशी? संग्रहालयाने परत केली. उद्या मी मेले की कुणीतरी माझं घर आवरेल, ही सापडतील, आणि म्हणेल, मिल्नर पार्कात सापडली होती. कागद हरवतो, डेस्मंड. भोक हरवत नाही."

तिने राजाचा चेहरा ठोकळ्यावर ठेवला आणि पंच टेकवला. डेस्मंडने तिचं मनगट धरलं. 

"नको. त्यातलं एखादं खरं असेल, एनिड."

"असेल," ती म्हणाली. "सांग कुठलं."

डेस्मंडने तिचं मनगट सोडलं. तो टेबलावर वाकला आणि चौदाही नाणी बघायला लागला. एकेक उचलून उजेडात धरली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किटली उकळून आपोआप बंद झाली. एनिडने त्याला हवा तेवढा वेळ दिला. मग त्याचा हात बाजूला केला आणि हातोडा उचलला.